स्पायरल बाइंडिंगचं मशीन निवडताना: कागदापासून सुरुवात करा

ऑफिससाठी स्पायरल बाइंडिंगचं मशीन घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा पाहतात. "बाइंडिंग क्षमता ४५० पानं" असं वाचलं की मशीन दणकट वाटतं. पण हा आकडा मशीनच्या ताकदीचा नसतो. सर्वांत जाड कॉइलमध्ये, म्हणजे पानं बांधणाऱ्या सर्पिल वेटोळ्यात, किती पानं मावतील, एवढंच तो सांगतो. तुमचा वेळ, तुमच्या माणसाचा खांदा आणि कामाची सफाई ठरवणारा आकडा दुसराच असतो. तो म्हणजे पंचिंग क्षमता, एका दाबात किती पानांना भोकं पडतात ती. साडेचारशे पानं बांधू शकणारं मशीन एका वेळी फक्त दहाच पानं पंच करत असेल, तर त्या एका पुस्तकासाठी पंचेचाळीस वेळा हँडल ओढावं लागेल.

स्पायरल बाइंडिंगमध्ये कामं तीन: भोकं पाडणं, कॉइल ओवणं आणि टोकं कापून दुमडणं. यातलं पहिलं काम सर्वांत जास्त वेळ खातं आणि त्यातली चूक पुढे कशानेच झाकत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पैसे आधी पंचवर खर्च करा. ओवण्याची आणि दुमडण्याची साधनं नंतर वाढवता येतात. हलका पंच मात्र नंतर दणकट करता येत नाही.

आधी स्वतःच्या कामाचा कागद मांडा

मशीन बघायला जाण्याआधी मागच्या काही महिन्यांत ऑफिसमध्ये बांधलेली कागदपत्रं टेबलावर काढा. अहवाल, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, निविदा, हिशेबाचे संच, जे काही असेल ते. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी लिहून घ्या: पानांचा आकार, पानांची संख्या, कागद किती जीएसएमचा आहे (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि एका वेळी किती प्रती लागतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महिन्याला सरासरी किती प्रती, हा आकडा फसवतो. बाइंडिंगचं काम रोज थोडं थोडं येत नाही, ते एकदम येतं. सभेच्या आदल्या संध्याकाळी चाळीस प्रती लागतात आणि नंतर तीन आठवडे मशीनवर आवरण असतं. मशीन निवडायचं ते या संध्याकाळसाठी.

हिशेब करून पाहा. चाळीस प्रती, प्रत्येकी १२० पत्रकं, म्हणजे ४,८०० पत्रकं. एका दाबात दहा पानं पंच होत असतील तर ४८० दाब. गठ्ठा उचलणं, काठ ठोकून सारखे करणं, मशीनमध्ये सरकवणं आणि दाबणं याला दहा सेकंद धरले तरी नुसती भोकं पाडण्यात ऐंशी मिनिटं जातात, आणि ४८० वेळा हँडल ओढलेलं असतं. एका दाबात वीस पानं होत असतील तर वेळ निम्म्यावर येतो. हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा, म्हणजे हाताचं मशीन पुरेल की विजेवरचं लागेल हे विक्रेत्याला विचारावं लागणार नाही.

मोठं काम वर्षातून एखाद-दोनदाच येत असेल तर ते बाहेरून करून घ्या आणि ऑफिसात छोटं मशीन ठेवा. त्या दोन दिवसांसाठी कोपऱ्यात अवजड यंत्र अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

स्पायरलच हवं आहे ना?

प्लॅस्टिकच्या कॉइलने बांधलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं आणि पानं पूर्ण मागे वळवता येतात. दाबली गेली तरी कॉइल पुन्हा मूळ आकारात येते. जे दस्तऐवज बॅगेत फिरतात, टपालाने जातात किंवा कामाच्या जागी उघडे ठेवून वापरले जातात, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला पर्याय मला दिसत नाही. दुहेरी तारेचं वायरो बाइंडिंग दिसायला जास्त नेटकं असतं, पण एकदा चेपलेली तार चेपलेलीच राहते. प्लॅस्टिकच्या कोंबमध्ये, म्हणजे कंगव्यासारख्या दातांच्या पट्टीत, पानं सहज घालता-काढता येतात, मात्र पुस्तक पूर्ण मागे दुमडत नाही.

कॉइलची एक मर्यादा आधीच माहीत असावी. ती सर्पिल असल्यामुळे उघडलेल्या पुस्तकातली समोरासमोरची दोन पानं एकमेकांच्या तुलनेत किंचित वर-खाली सरकतात. मजकुराला याने काही फरक पडत नाही. पण दोन पानांवर पसरलेला नकाशा किंवा मोठा तक्ता असेल तर मधली रेष जुळत नाही. असं काम तुमच्याकडे सतत असेल तर वायरोचा विचार करा.

पिच: एकदा निवडली की मागे फिरणं अवघड

एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. ऑफिसच्या स्पायरल कामात सर्वांत रुळलेली पिच ४:१ आहे, म्हणजे एका इंचात चार भोकं. ए-४ पानाच्या लांब बाजूवर अशी ४६ किंवा ४७ भोकं बसतात. ५:१ पिचही असते. तिची भोकं जवळजवळ असतात आणि पातळ पुस्तिकेवर ती नाजूक दिसतात. ३:१ आणि २:१ या मुख्यतः वायरोच्या पिच आहेत. मशीनवर नुसतं "वायर आणि स्पायरल दोन्हीसाठी" असं लिहिलं असेल तर कोणत्या कामाला कोणती पिच, हे खोदून विचारा.

आता एक बारीक पण फार त्रास देणारी गोष्ट. ४:१ या नावाखाली बाजारात दोन मापं चालतात: ०.२५० इंच आणि ०.२४७५ इंच. फरक अडीच हजारांश इंचाचा, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर. एका भोकाला तो जाणवणारही नाही. पण ए-४ च्या ४६ भोकांमध्ये ४५ अंतरं असतात आणि शेवटच्या भोकापर्यंत हा फरक साठत साठत जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. पातळ पुस्तकात कॉइल लवचीक असल्याने निभावून जातं. जाड पुस्तकात मात्र ती अर्ध्यावर अडकते, ओवणारा जोर लावतो आणि पानांचे काठ फाटतात. मग दोष मशीनला दिला जातो, नाहीतर माणसाला.

म्हणून मशीन घेताना डायची, म्हणजे भोकं पाडणाऱ्या साच्याची, नेमकी पिच दशांशासकट लिहून घ्या आणि कॉइल मागवताना तोच आकडा सांगा. डाय बदलता येणारं मशीन घेत असाल तर प्रत्येक डायचा आकडा वेगळा नोंदवा. आधीच कॉइलचा मोठा साठा पडून असेल तर त्या साठ्याशी जुळणारी डाय बघा.

भोक गोल की लांबट

गोल भोकं नीट दिसतात आणि साधारण २० मिलिमीटरपर्यंतच्या कॉइलला छान चालतात. पुस्तक जाड होऊ लागलं की कॉइलची वळणं तिरकी आणि मोठी होतात. तेव्हा लांबट, अंडाकृती भोकात ती जास्त सहज सरकतात आणि पानंही अडखळत नाहीत. तुमच्या यादीत दीडशे पत्रकांपेक्षा जाड दस्तऐवज नियमित येत असतील तर लांबट भोकांचं मशीन घ्या.

पंच निवडताना काय काय पाहावं

पहिली गोष्ट, सांगितलेल्या क्षमतेतून तिसरा हिस्सा वजा करा. "२० पानं" असं लिहिलं असेल तर ते हलक्या, ७० ते ८० जीएसएमच्या कागदाबद्दल असतं आणि भोकं पाडणाऱ्या पिना नव्या असतात तेव्हाचं असतं. रोजच्या कामात तेरा-चौदा पानं धरा. सतत कमाल क्षमतेने चालवलं की पिना लवकर बोथट होतात आणि भोकांच्या कडा दातेरी निघतात. जाड कागद असेल तर आणखी कमी घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची शीट एका वेळी एक, फार तर दोन. शीट एकटी पंच केली की ती डायमध्ये ओढली जाते किंवा भोकं अर्धवट राहतात. तिच्या वर-खाली दोन-तीन कागद ठेवले की भोकं स्वच्छ पडतात.

दुसरी गोष्ट, पिना स्वतंत्रपणे बंद करता येतात का. ए-४ ला सुरुवात आणि शेवट नीट बसत असला तरी ए-५ किंवा दुसऱ्या मापाचं पान लावलं की काठावर अर्धं भोक पडतं आणि पान तिथूनच फाटायला लागतं. नेमकी तेवढी पिन ओढून बंद करता आली की प्रश्न मिटतो. काही मशीनमध्ये सगळ्या पिना बंद करता येतात, काहींत फक्त टोकाच्या काही. एकाच मापाचं काम असेल तर टोकाच्या पुरतात. वेगवेगळी मापं असतील तर सगळ्या बंद करता येणारं मशीन घ्या, यात काटकसर करू नका.

तिसरी, तोंड दोन्ही बाजूंनी उघडं आहे का. उघड्या तोंडाच्या मशीनमध्ये ए-३ च्या लांब बाजूसारखा मोठा काठ आधी अर्धा पंच करून, सरकवून, उरलेला पंच करता येतो. बंद तोंडाच्या मशीनमध्ये मशीनच्या रुंदीएवढंच पान जातं, त्यापलीकडे उपाय नाही.

चौथी, काठापासूनचं अंतर बदलता येतं का. पातळ पुस्तकाला भोकं काठाजवळ चालतात. जाड पुस्तकाला ती थोडी आत हवीत, नाहीतर वापरता वापरता पानं सुटतात. हे अंतर बदलणारी चकती किंवा खटका असतो. तो फिरवल्यावर नीट जागेवर बसतो का, की कामाच्या धक्क्याने सरकतो, हे हाताने हलवून बघा. बाजूच्या गाइडचंही तसंच. पान एका बाजूला टेकवणारी ती पट्टी ढिली असेल तर पहिली दहा पानं आणि पुढची दहा पानं यांची भोकं एकमेकांवर येणार नाहीत, आणि मग कितीही चांगली कॉइल आणा, ओवताना रडारड होणारच.

पाचवी, टिकल्यांचा ट्रे. पंच केल्यावर पडणाऱ्या कागदाच्या टिकल्या खालच्या ट्रेमध्ये साठतात. ट्रे भरला की त्या डायमध्ये चोंदतात आणि पिना अडकतात. मशीन बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. ट्रे मोठा हवा आणि मशीन न उचलता पुढून बाहेर निघायला हवा. तो मागच्या बाजूने निघत असेल आणि मशीन भिंतीला टेकून ठेवायचं असेल, तर तो वेळेवर रिकामा होणार नाही हे धरून चाला.

हाताचं की विजेवरचं, याचं उत्तर वरच्या हिशेबातून निघालंच असेल. एका बैठकीत शंभर-दीडशे दाबांपर्यंत हाताचं चांगलं मशीन पुरेसं आहे. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि किती जोर लागतोय हे हाताला कळतं, त्यामुळे पिनांवर अत्याचार होत नाही. हँडल लांब आणि मशीनच्या पूर्ण रुंदीचं असेल तर जोर सारखा लागतो. त्याहून जास्त काम असेल तर विजेवरचं घ्या आणि पायाचा पेडल असलेलं घ्या, कारण दोन्ही हात गठ्ठा धरायला मोकळे राहतात. मोटर सलग किती वेळ चालवता येते हेही विचारा. काही छोट्या मशीनना थोड्या कामानंतर थंड व्हायला वेळ द्यावा लागतो आणि ते नेमकं घाईच्या वेळी समजतं.

कॉइल ओवणं

चाळीस-पन्नास पत्रकांपर्यंतची पुस्तिका हाताने ओवणं अजिबात अवघड नाही. पहिली पाच-सहा वळणं बोटांनी घालायची आणि मग कॉइल तळहाताने पुढे फिरवत न्यायची. जाडी वाढली, प्रती वाढल्या की रोलर हवा. फिरणाऱ्या रबरी रोलरवर कॉइल टेकवली की ती स्वतःच पुढे सरकत जाते. रोलरचा वेग कमी-जास्त करता येत असेल तर उत्तम, कारण शिकताना कमी वेगाने काम नीट बसतं.

जाड पुस्तकाच्या बाबतीत एक युक्ती कामी येते. गठ्ठ्याचा काठ सरळ न ठेवता किंचित वाकवून तिरका करायचा, म्हणजे भोकांची रांग कॉइलच्या वळणाशी जुळते. यासाठी काही मशीनवर वक्र आधार दिलेला असतो. साधारण २० मिलिमीटरच्या पुढच्या कॉइलला तो असला की कामात फार फरक पडतो.

एकाच यंत्रात पंच आणि रोलर असलेली मशीन जागा वाचवतात. पण ऐन गर्दीच्या संध्याकाळी एक जण पंच करत असताना दुसऱ्याला ओवता आलं तर काम कितीतरी लवकर सुटतं. एकत्र यंत्रात रोलर पंचच्या तोंडासमोरच असेल तर हे जमत नाही. दोन माणसं हाताशी असतील तर मी दोन वेगळी साधनं निवडेन.

टोकं दुमडणं

कॉइल शेवटच्या भोकातून बाहेर आल्यावर जास्तीचा भाग कापून टोक आत वळवावं लागतं, नाहीतर कॉइल फिरत फिरत बाहेर येते. यासाठी क्रिंपिंगची खास पक्कड मिळते, एकाच दाबात कापते आणि दुमडतेही. साध्या कात्रीने कापू नका. टोक धारदार राहतं, बोटांना आणि बॅगेतल्या कपड्यांना लागतं. पक्कड उजव्या-डाव्या दोन्ही टोकांना सहज लावता येते का आणि तिची मूठ हाताला बसते का, ते पाहा. एका दिवसात शंभर-दोनशे टोकं दुमडायची असतील तर विजेवर चालणारा क्रिंपर घ्या, कारण मनगट आधी थकतं.

कोणत्या जाडीला कोणती कॉइल

८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे शंभर पत्रकं १० मिलिमीटरच्या आसपास. त्यात पुढची शीट आणि मागचा पुठ्ठा मिळवा आणि वर ३ ते ४ मिलिमीटर मोकळीक द्या. शंभर पत्रकांना १४ मिलिमीटरची कॉइल छान बसते. गठ्ठा मोजताना घट्ट दाबून मोजू नका, टेबलावर नुसता ठेवून पट्टी लावा. कॉइल घट्ट झाली तर पानं वळत नाहीत, फार सैल झाली तर पुस्तक हातात लटपटतं आणि चळत तिरकी होते.

कॉइल ५० मिलिमीटरपर्यंत मिळतात, पण म्हणून वापराव्यातच असं नाही. गठ्ठा २५ मिलिमीटरच्या पुढे गेला की दोन भाग करा. वाचणाऱ्याला ते हाताळायला सोपं जातं आणि काठावरचा ताणही कमी होतो. छपाईआधी बांधणीच्या बाजूला किमान २० मिलिमीटर समास सोडायला सांगा. भोकं काठापासून सात-आठ मिलिमीटरपर्यंतची जागा खातात आणि कॉइलच्या वळणाजवळचा मजकूर वाचायला त्रास होतो.

विकत घेण्याआधी स्वतःच्या कागदावर चालवून पाहा

विक्रेत्याकडचा नमुन्याचा कागद कोरा आणि कोरडा असतो. तुम्ही तुमच्या प्रिंटरवर छापलेली पानं, तुमच्या कव्हरची शीट आणि मागचा पुठ्ठा घेऊन जा. सर्वांत जाड दस्तऐवज निवडा, पातळ कोणत्याही मशीनवर होतो.

पहिली चाचणी अशी: एक पान पंच करा, ते पालथं घालून दुसऱ्या पंच केलेल्या पानावर ठेवा, भोकांचा काठ काठाला लावून. दोन्हीकडची भोकं एकमेकांवर आली तर रांग पानाच्या बरोबर मध्यावर आहे. नसली तर गाइड हलवून पुन्हा करायला सांगा. गाइड हलवूनही जुळत नसेल तर ते मशीन तुमच्या मापाच्या कागदासाठी नाही.

मग कामाच्या क्षमतेइतका गठ्ठा पंच करा आणि त्यातलं सर्वांत खालचं पान बघा. वरची भोकं नेहमी चांगलीच दिसतात, खालच्या पानाच्या कडा स्वच्छ आहेत का, टिकली लोंबत राहिली आहे का, ते महत्त्वाचं. लागोपाठ चार-पाच गठ्ठे पंच करा, सगळे एकत्र ठोकून उजेडाकडे धरा आणि भोकांतून आरपार पाहा. प्रकाश सरळ आला पाहिजे. कडा पायरीसारख्या दिसल्या तर गाइड सरकतंय.

शेवटी पूर्ण पुस्तक बांधून घ्या, तेही तुमच्या ऑफिसात हे काम करणार आहे त्या व्यक्तीच्या हातून. विक्रेता वर्षानुवर्षं करत असल्यामुळे त्याच्या हातून सगळं सोपं दिसतं. ही व्यक्ती सोबत असणं ही माझ्या दृष्टीने न टाळण्याजोगी गोष्ट आहे. हँडलची उंची, ट्रेची जागा आणि मशीनचा आवाज यांबद्दल तिचंच मत खरं.

याच वेळी सुटे भाग मिळतात का हे विचारा. पिना एकेक बदलता येतात की पूर्ण डाय बदलावी लागते? बोथट डायला धार लावून मिळते का? दुरुस्तीसाठी मशीन पाठवावं लागतं की माणूस येतो? विजेवरच्या मशीनमध्ये झाकण उघडल्यावर ते आपोआप थांबतं का, बोटं आत जाऊ नयेत म्हणून आडोसा आहे का, तेही स्वतः पाहा.

मशीन आल्यानंतर

ते पक्क्या, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. दोन्ही बाजूंना गठ्ठे मावतील एवढी जागा हवी, पंच व्हायचे एकीकडे आणि झालेले दुसरीकडे. लेझर प्रिंटरमधून नुकतीच निघालेली पानं गरम असतात आणि एकमेकांना चिकटतात. ती थोडी निवू द्या, फुलवा आणि मग काठ ठोका.

पिना अडखळायला लागल्या की मेणकागदाचे काही तुकडे पंच करा, पिनांना हलकं वंगण मिळतं. तेल घालायचं तर अगदी थोडं, आणि त्यानंतर टाकाऊ कागदावर पंच करून घ्या, नाहीतर पुढच्या अहवालाच्या काठावर डाग उमटतील. स्टेपलर पिन राहिलेलं पान आत गेलं तर डायची धार कायमची जाते, म्हणून जुने कागद पुन्हा बांधताना प्रत्येक कोपरा बोटांनी चाचपून घ्या.

कॉइल खोक्यात आडव्या ठेवा. प्लॅस्टिक उन्हात किंवा उष्णतेजवळ मऊ पडतं आणि वाकतं, वाकलेली कॉइल रोलरवर सरळ जात नाही. फार थंडीत ती ठिसूळ होते, तेव्हा वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सगळ्या मापांचा साठा करण्याची गरज नाही. तुमच्या यादीतल्या जाडी पाहून तीन-चार व्यास ठरवा आणि तेवढेच भरपूर ठेवा.

पुठ्ठ्याची एक पट्टी पंच करून मशीनलाच टांगून ठेवा. तिच्यावर डायची पिच, प्रत्येक दस्तऐवजाला लागणारा कॉइलचा व्यास, काठाच्या चकतीचा आकडा आणि ए-५ साठी कोणती पिन बंद करायची, हे पक्क्या शाईने लिहा. नवी कॉइल आली की खोकं फोडल्याबरोबर एक कॉइल या पट्टीत टोकापासून टोकापर्यंत ओवून बघा. ती शेवटच्या भोकापर्यंत न अडकता गेली तरच बाकीचा माल ठेवून घ्या.